पेनसिल्व्हेनियात ठासणीची बंदूक घेऊन तीन दिवस: कोणती निवडावी आणि कशी सांभाळावी

पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, हरणांच्या शिकारीचा एक निराळा हंगाम उघडतो आणि त्यात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते. १९७४ साली सुरू झालेल्या या हंगामात केपाची, म्हणजे घोडा आपटताच फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणारी, बंदूकसुद्धा वर्ज्य आहे. चकमकीचा दगड पोलादावर घासून ठिणगी पडली पाहिजे, तिने रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू, पेटवली पाहिजे आणि रंजकेची आग कानातून, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून, आत जाऊन बार उडाला पाहिजे. माझे बालपण सिंधुदुर्गात गेले. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची केपाची बंदूक होती, जी निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होई आणि एरवी माकडे हाकलण्यापुरती वाजे. त्यामुळे न्यू जर्सीतील एका जुन्या सहकाऱ्याने पॉटर काउंटीतील आपल्या लाकडी खोपीवर येण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा ठासणीच्या बंदुकीबद्दल आपल्याला आता कोण काय शिकवणार, असा माझा समज होता.

कागदपत्रांचे आधी सांगतो. नवख्याला शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला लागतो, आणि शिकारीच्या नेहमीच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुकीचा वेगळा परवाना काढावा लागतो. जे व्हिसावर राहतात, त्यांनी बंदुकीला हात लावण्यापूर्वी केंद्राचे आणि राज्याचे नियम जाणकाराकडून समजून घ्यावेत. बंदुकीची काळी दारू विमानातून नेता येत नाही आणि खेड्यातल्या दुकानात ती मिळेलच असे नाही, म्हणून ती गाडीने जाणाऱ्यानेच आधी घेऊन ठेवावी. काळ्या दारूऐवजी मिळणारे आधुनिक पर्याय चकमकीच्या बंदुकीसाठी घेऊ नयेत. त्यांना पेट घ्यायला जास्त उष्णता लागते आणि रंजक नुसतीच भडकून विझते.

ऑक्टोबरात सरावासाठी सहकाऱ्याने तीन बंदुका समोर ठेवल्या. पहिली होती पेनसिल्व्हेनियाची प्रसिद्ध लांब रायफल: ४२ इंची नळी, ०.४५ इंचाचे तोंड, लहरी रेषांच्या मेपल लाकडाचा दस्ता. जर्मन कारागिरांनी आपल्या आखूड, जाड रायफलीवरून अठराव्या शतकात लँकेस्टरच्या परिसरात हा घाट विकसित केला, आणि नाझरेथजवळच्या जेकब्सबर्ग येथील संग्रहालयात त्याचे देखणे नमुने पाहायला मिळतात (वाटेत थांबण्याजोगे ठिकाण आहे, मात्र उघडण्याचे दिवस आधी विचारून घ्यावेत). दुसरी हॉकेन पद्धतीची, २८ इंची नळीची, ०.५० तोंडाची. तिसरी त्याच घराण्यातली, पण ३२ इंची नळीची, ०.५४ तोंडाची आणि चांगली चार किलो वजनाची. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या मूळ रायफली बहुतेक केपाच्या होत्या, त्यामुळे चकमकीची हॉकेन ही बरीचशी आजच्या कारखान्यांची सोय आहे.

मी अर्थातच पहिली उचलली. तिचे रूपच तसे आहे. परंतु ०.४५ ची गोल गोळी जेमतेम सव्वाआठ ग्रॅमची, म्हणजे १२८ ग्रेनच्या आसपास भरते. नियमाने किमान ०.४४ चे तोंड लागत असल्यामुळे ती चालते, तरी वारा असला की मन खात राहते. ०.५४ ची गोळी साधारण २२५ ग्रेनची असते. दुसऱ्या बंदुकीच्या नळीतील पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचे वळण, ४८ इंचांत एक फेरा घेणारा होता, जो लांबट गोळीलाही चालतो. तिसरीचा ६० इंचांत एक, म्हणजे तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठीच केलेला. गोल गोळीच वापरायची असेल, तर मंद पिळाची नळी घ्यावी.

पण या सगळ्याच्या आधी पाहण्याची गोष्ट निराळी, आणि ती मला सहकाऱ्याने अंधाऱ्या तळघरात दाखवली. नळी रिकामी असल्याची गज घालून खात्री करायची, दिवे मालवायचे आणि चाप ओढायचा. पहिल्या बंदुकीतून दोन-तीन तांबूस ठिणग्या इकडेतिकडे उडाल्या. तिसरीतून पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका सरळ रंजकेच्या वाटीत पडला आणि पडल्यावरही क्षणभर धगधगत राहिला. ज्या बंदुकीची ठिणगी अशी पडते तीच घ्यावी. त्यानंतर जाड कोट घालून ती खांद्याला लावून पाहावी, कारण दुकानात सदऱ्यावर बरोबर बसणारा दस्ता डिसेंबरात काखेत अडकतो. नळीच्या तोंडाचा आणि नक्षीचा विचार त्याच्याही नंतर. मी तिसरी घेतली.

न्यू जर्सीतील एडिसनहून पॉटर काउंटीतील कौडर्सपोर्टच्या बाजूला जायला आम्हांला पाच तास लागले. पहिल्या रात्री मी बंदूक शेकोटीच्या खोलीत ठेवण्याची चूक केली. सकाळी हेमलॉकच्या झाडाखाली बसून दीड तास झाला असेल, तेव्हा पांढऱ्या शेपटीची एक मादी चाळीस पावलांवर येऊन आडवी उभी राहिली. चाप ओढला, वाटीतली रंजक फस्सकन पेटली, धूर डोळ्यांवर आला, आणि बार काही उडाला नाही. मादीने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि ती सावकाश निघून गेली. उबेतली बंदूक थंडीत नेल्यावर नव्हे, तर थंडगार बंदूक उबेत आणल्यावर तिच्यावर दव धरते. आदल्या संध्याकाळचे ते पाणी कानात उतरले होते आणि मी कान तारेने टोकरून साफ केला नव्हता.

अशा वेळी बंदूक खाली घेऊ नये. तोंड सुरक्षित दिशेला धरून पूर्ण मिनिटभर थांबावे, कारण बार उशिरानेही उडू शकतो. पुढच्या दोन्ही रात्री आम्ही बंदुका रिकाम्या करून, थंड, कुलूपबंद पडवीत ठेवल्या. दिवसा दर तासाला जुनी रंजक पुसून नवी घातली, कारण जळलेल्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि वाटीत काळा चिखल होतो. लॉकवर, म्हणजे चकमकीच्या यंत्रणेवर, बांधायला मेण चोळलेला चामड्याचा तुकडा सोबत हवाच. चाप ओढल्यानंतरही नळीच्या टोकावरची नेमाची माशी लक्ष्यावरून हलू देऊ नये. ठिणगी आणि बार यांच्यात जो सूक्ष्म अवकाश असतो, त्यात नवखा माणूस दचकतो आणि गोळी जमिनीत जाते. पन्नास-साठ पावलांपलीकडे मी नेमच धरला नसता.

तिसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता आणि हरीण दिसले नाही. संध्याकाळी भरलेला बार मातीच्या दरडीत उडवला, तो पहिल्याच ठिणगीला उडाला. मग खोपीच्या मोरीत कोमट पाण्याने नळी धुतली. चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत अकरा लागल्या, आणि सगळ्या घरात कुजक्या अंड्यांचा वास भरून राहिला.