तुम्ही विचारलेत म्हणून: नवी मुंबईतली गावे इतकी दाट का?

नवी मुंबईत मी वास्तुरचनाकार म्हणून काम करते, त्यामुळे पाहुण्यांचा एक प्रश्न हमखास येतो: सेक्टर इतके आखीवरेखीव, मग मधली गावे इतकी दाटीवाटीची का?

याचे उत्तर आराखड्यातच आहे. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची शेती आणि मिठागरे शहरासाठी संपादित करायचे ठरले आणि गावठाणे, म्हणजे गावांची मूळ वस्ती, तेवढी वगळली गेली. गावाची हद्द तिथेच गोठली, कुटुंबे मात्र वाढत राहिली. पूर्वी मुलाचे लग्न झाले की शेजारच्या शेतात त्याचे घर उभे राही. शेतच गेल्यावर ते वरच्या मजल्यावर किंवा संपादित जमिनीवर उभे राहिले आणि अनधिकृत ठरले. जानेवारी १९८४ मध्ये, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील मोबदल्याच्या आंदोलनात उरण तालुक्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे धोरण आले, पण भूखंड हाती येईपर्यंत अनेक घरांत एक पिढी सरली.

गावातल्या गल्लीत समोरासमोरच्या सज्जांत हातभर अंतर उरते, तळमजल्यावर भरदुपारी दिवा लागतो आणि जिथे मासेमारीची जाळी विणली जात त्या अंगणात आता दुचाकी उभ्या असतात.

मला अधिक खुपते ते हे, की वाढणारे घर या शहराच्या रचनाकारांना परके नव्हते. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह नव्या शहराची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात घरांना आठ मीटरचे सामायिक अंगण दिले, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी जोडली नाही, म्हणजे कुटुंबाबरोबर घरही वाढावे. हीच मुभा शेजारच्या गावठाणाला मिळाली नाही.

पाणी तुंबण्याचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. भरतीच्या वेळी नाल्यांची खाडीकडची दारे बंद होतात आणि पावसाचे पाणी धारण तलावांत थांबते. त्यामुळे तलाव गाळाने भरले किंवा पाणथळीवर भराव पडला, की पाणी सखल वस्तीत शिरते.

म्हणूनच दंड आकारून घरे नियमित करणे मला पुरेसे वाटत नाही. आधी गावाची आजची हद्द मोजून नकाशावर यावी, आणि मासळी सुकवण्याच्या जागेला व होड्यांच्या धक्क्याला विकास आराखड्यात उद्यानाइतकेच पक्के आरक्षण मिळावे.