पास झालेलं क्रीम

एम.फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या) सौंदर्यप्रसाधनांच्या प्रॅक्टिकलला मी मुलांना घरून डबी आणायला सांगते. विभागानं कोटेशन मागवून घेतलेल्या नमुन्यांवर काम करताना कुणी मनापासून करत नाही. आईच्या कपाटातलं क्रीम असलं की डोळे उघडे ठेवून करतात. त्या सेमिस्टरला साकोलीकडच्या एका मुलीनं गोरेपणाचं क्रीम आणलं होतं. वहिनीनं नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेलं. डबी चकचकीत, पण तिच्यावर ना बनवणाऱ्याचा पत्ता ना बॅच नंबर.

त्वचेच्या क्रीमसाठी आयएस 6608 हे भारतीय मानक आहे. पीएच 4 ते 9 च्या मध्ये हवा, स्निग्धांश किमान 5 टक्के, जड धातू शिशाच्या हिशेबानं 20 पीपीएमच्या (दहा लाखांत 20 भागांच्या) आत, आर्सेनिक 2 पीपीएमच्या आत. 45 अंशांवर ठेवून क्रीम फुटतं का तेही बघायचं (नागपुरात मे महिन्यात त्यासाठी इन्क्युबेटरची गरजच नाही, टेबलावर ठेवलं तरी भागतं). पाऱ्यासाठी नमुना बाहेर पाठवला होता. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं क्रीममधल्या पाऱ्यानं बिघडल्याची बातमी आली, तेव्हापासून आमच्याकडे गोरेपणाचं क्रीम म्हटलं की पहिला संशय पाऱ्यावरच जातो. कायद्यानं त्याची मर्यादा 1 पीपीएम. तोही रिपोर्ट स्वच्छ आला.

म्हणजे क्रीम पास. जर्नलवर सही घ्यायला ती समोर उभी राहिली आणि खिडकीचा उजेड तिच्या गालावर पडला. गालभर केसाएवढ्या बारीक लाल शिरा, कानशिलाजवळ दाट लव, हनुवटीवर पुटकुळ्या.

"तूही लावतेस काय हे?"

"हो मॅडम. पहिले तर एकदम चमकत होता चेहरा. आता दोन दिवस नाही लावलं की आग आग होते."

मी सही केली नाही.

अशा खुणा दिसल्या की संशय स्टिरॉइडवर जातो. पण स्टिरॉइड शोधायची चाचणी त्या मानकात नाही, आणि प्रसाधनाच्या मानकात ती असायचं तसं कारणही नाही. तो औषधाचा प्रांत. आपण शिशाबद्दल विचारतो, क्रीम शिशाबद्दल उत्तर देतं. न विचारलेलं ते कशाला सांगेल?

आमच्याकडे क्लोबेटासॉल प्रोपिओनेट या जहाल स्टिरॉइडचं शुद्ध स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, होतं, त्याचं कारण वेगळंच. शेजारच्या लॅबमध्ये एक पीएच.डी.चा मुलगा सोरायसिस या त्वचारोगासाठी त्याचं जेल बनवतोय. औषध कातडीत मुरावं, पण रक्तात जाऊ नये, असा त्याचा खटाटोप. मोमिनपुऱ्यातून सकाळी सकाळी बोकडाचे कान आणतो, कातडी सोलून, चरबी खरवडून फ्रान्झ सेलवर, म्हणजे कातडीतून किती औषध पार जातं ते मोजायच्या काचपात्रावर, ताणून बसवतो. वर जेल, खाली बफर, भोवती 37 अंशांचं पाणी फिरतं, म्हणजे कातडीचा पृष्ठभाग 32 च्या आसपास राहतो, जिवंत माणसाच्या त्वचेसारखा. कातडीखाली हवेचा एक बुडबुडा अडकला की दिवस वाया. वरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10-20 मायक्रॉनचा, पण तो पार करायला या पोराला घाम फुटलाय.

त्याच्याकडून स्टँडर्ड उसनं घेतलं. क्रीम कोमट मिथेनॉलमध्ये ढवळलं, मग बर्फात ठेवलं. मेणाचा भाग गोठून तळाशी बसला, वरचं द्रावण गाळून एचपीएलसीवर चढवलं, 240 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाला. हे यंत्र मिश्रणातले पदार्थ कॉलम नावाच्या नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढतं आणि प्रत्येकाचा आलेखावर एक उंचवटा, म्हणजे पीक, दाखवतं. आधी स्टँडर्डचा रन, मग क्रीमचा. पीक त्याच मिनिटाला आलं. मुलगी म्हणाली, "सेम आहे मॅडम." सेम दिसणं पुरेसं नसतं; दोन वेगळे पदार्थ एकाच वेळी कॉलममधून बाहेर पडू शकतात. म्हणून क्रीमच्या द्रावणात थोडं स्टँडर्ड मिसळून पुन्हा सोडलं. भेसळीचा पदार्थ दुसरा असता तर पीकला खांदा फुटला असता किंवा दोन शेंडे आले असते. तसं काही झालं नाही. एकच शेंडा, फक्त उंच झालेला. यूव्ही स्पेक्ट्रमही, म्हणजे पदार्थ कोणता अतिनील प्रकाश किती शोषतो त्याचा आलेखही, जुळला. तिनं स्वतःच्या गालाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

पीएच.डी.चा मुलगा मागे येऊन उभा होता. "आम्ही बोकडाच्या कानावर मरतो, आणि हे लोक डायरेक्ट चेहऱ्यावर!" म्हणाला. चिडून म्हणाला, पण मुद्दा बरोबर होता. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी 1967 मध्ये माणसांवर मोजलं होतं: हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड हाताच्या आतल्या बाजूला जितकं शोषलं जातं, त्याच्या सहापट कपाळावर आणि तेरापट जबड्याच्या कोपऱ्याशी. क्लोबेटासॉल तर हायड्रोकॉर्टिसोनहून कितीतरी जहाल. आणि तिचा तो सुरुवातीचा 'चमकणारा' चेहरा? स्टिरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी फिकट पडते. 1962 पासून प्रयोगशाळांत स्टिरॉइडची ताकद याच फिकटपणावरून जोखतात. आमच्या क्षेत्रात जी चाचणी आहे, ती तिच्या वहिनीला गोरेपणा वाटली.

तिला म्हटलं, सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत जा, पण आजपासून एकदम बंद करू नकोस, डॉक्टर सांगतील तसं कमी करत ने. एकदम सोडलं की आग आणखी भडकते आणि बाया घाबरून परत त्याच डबीकडे वळतात. वहिनीलाही सोबत ने.

राहिला प्रश्न दुकानदाराचा. आमच्या लॅबचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे एचपीएलसीचा तो आलेख, कोर्टात चालत नाही. पण 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम 26 बऱ्याच फार्मसीवाल्यांनाही आठवत नाही: विकत घेतलेलं औषध किंवा प्रसाधन कोणीही माणूस ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. तिला अर्जाचा मसुदा करून दिला. जोडायला बिल असलेलं बरं, म्हणून वहिनी इतवारीत गेली. दुकानदारानं बिल काही दिलं नाही. डबीचे पैसे तेवढे न मागता परत दिले आणि डबी ठेवून जा म्हणाला. वहिनीनं पैसे घेतले, डबी दिली नाही.