तुम्ही विचारलंत म्हणून: फास्ट ईसीजीत आधी काय बघायचं?

इंटर्नची नवी बॅच आली की हा प्रश्न ठरलेला, सर फास्ट ईसीजी (ठोके फार वेगात दाखवणारी पट्टी) हातात आला की आधी काय बघता? आधी पेशंट बघतो. बोलतोय का, बीपी किती, घाम फुटलाय का. बीपी पडलंय, शुद्ध जात चाललीय आणि ते त्या रिदममुळेच (ठोक्यांच्या तालामुळेच) होतंय असं दिसलं तर सिंक्रोनाइज्ड शॉक (ठोक्याशी वेळ जुळवून दिलेला विजेचा झटका) द्या, रिदमचं नाव नंतर ठरवता येतं.

पेशंट बरा असेल तर मग क्यूआरएसची, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणाऱ्या टोकदार लहरीची, रुंदी. ईसीजीच्या कागदावरच्या तीन छोट्या चौकोनांच्या आत, म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या आत, तर नॅरो, म्हणजे अरुंद. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत शेतातून आलेला माणूस "छाती धडधड करी राहिनी" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ती साधी सायनस टॅकीच (हृदयाचा नेहमीचाच ताल, फक्त वेगात) निघते, पी वेव्ह (क्यूआरएसच्या आधीची छोटी लहर) नीट शोधा, सलाइन गेलं की रेट हळूहळू उतरतो. एसव्हीटी (खालच्या कप्प्यांच्या वर सुरू होणारी वेगवान धडधड) अशी उतरत नाही, एकदम सुरू एकदम बंद. पोरांना अॅडिनोसिनची भारी हौस (एसव्हीटी तोडणारं इंजेक्शन, ६ मिलिग्रॅम, मग १२), पण तहानलेल्या माणसाला ते देऊन काय मिळणार?

रेट १५० ला चिकटून बसलाय, पाणी देऊनही हलत नाही, तर फ्लटर (वरच्या कप्प्यांचा बिघडलेला, वेगवान ताल) आठवा. वर एट्रिया (हृदयाचे वरचे कप्पे) मिनिटाला ३०० ने पळतं आणि दोनातला एकच ठोका खाली उतरतो. लीड २, ३, एव्हीएफमध्ये करवतीचे दाते दिसायला हवेत, पण दर दुसरा दाता क्यूआरएसमध्ये किंवा टी वेव्हमध्ये (क्यूआरएसनंतरच्या लहरीत) लपतो आणि तिथंच फसगत होते. एएफला (एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची नुसती थरथर) मात्र ताल नसतोच, १० सेकंदांच्या पट्टीवरचे क्यूआरएस मोजा, ६ ने गुणा, मिनिटाचा रेट आला, झालं.

रुंद क्यूआरएसबद्दल मी हट्टी आहे. रुंद आणि रेग्युलर असेल तर व्हीटी (खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक धडधड) समजा, पूर्वी अॅटॅक येऊन गेलेला असेल तर नक्कीच. "पण सर, तो बसून बोलतोय ना" असं म्हणणारा प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच, अरे बाबा व्हीटीतला माणूस चहासुद्धा मागतो! एसव्हीटी समजून व्हेरापामिल (एसव्हीटीला चालणारं औषध) दिलंत तर बीपी कोसळेल. आणि रुंद, बेताल, २०० च्या वर असेल तर डब्ल्यूपीडब्ल्यूत (वरच्या-खालच्या कप्प्यांमध्ये जन्मतः जास्तीची वायर असते तो आजार) एएफ सुरू झालेलं असू शकतं, तिथं एव्ही नोड (त्या कप्प्यांमधला नेहमीचा मार्ग) अडवणारं औषध दिलं तर व्हीएफ (खालच्या कप्प्यांची नुसती थरथर, पंपिंग बंद) होऊ शकतं, त्यामुळे हात आवरा.

नातेवाइकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत बिलं, जुन्या गोळ्या आणि बऱ्याचदा जुना ईसीजी असतो, तो मागून घ्या. त्यात आधीपासून अगदी तसाच बंडल ब्रांच ब्लॉक (खालच्या कप्प्यांच्या वायरिंगमधला अडथळा, त्यानेही क्यूआरएस रुंद होतो) दिसला तर गोष्ट वेगळी, तोपर्यंत व्हीटीच.