एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आल्यानंतर

रिपोर्टवर 'एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह' वाचलं आणि मी थेट गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा, कॅन्सरच धरून बसले. सोलापूरच्या आमच्या डॉक्टरबाईंनी आधी तेच डोक्यातून काढलं. एचपीव्ही हा विषाणू बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो आणि दहातल्या जवळपास नऊ जणींच्या अंगातून दोन वर्षांत आपोआप जातो. भीती असते ती मुक्काम ठोकणाऱ्याची. त्यातही १६ आणि १८ हे प्रकार चिवट. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात.

मग नवऱ्याला बाहेर बसवून त्यांनी एकेक विचारलं. बाळंतपणं किती, पहिलं कितव्या वर्षी? गर्भनिरोधक गोळ्या किती वर्षं? सिगारेट? एचआयव्हीची तपासणी झालीय का, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का? माझी बाळंतपणं तीन, पहिलं एकोणिसाव्या वर्षी, वर गोळ्या पाच वर्षांहून जास्त. यांतलं काहीही एकट्याने कॅन्सर करत नाही. विषाणू असला की त्याला टिकायला, पेशी बिघडवायला हातभार लावतं. सिगारेटमधलं निकोटिन गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडतं, हे मला तिथेच कळलं. बायांनो, हे प्रश्न चारित्र्याची चौकशी नसतात. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो खरा, पण आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होतो. खरं तेच सांगा.

मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख मोठं करून बघणारी दुर्बिणीची तपासणी. त्यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात. थोडं झोंबलं. मिनिटभरात पडद्यावरच्या गुलाबी भागात एका कडेला पांढरा चट्टा उमटत गेला, मला स्वतःला दिसला. तिथलाच तुकडा चिमटीने काढला, पोटात कळ आली आणि गेली. बायोप्सीत 'सीआयएन २' आलं, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. लीप नावाच्या छोट्या शस्त्रक्रियेत तेवढा भाग तारेच्या वेटोळ्याने काढला, जागा बधिर करून. त्याच दिवशी घरी.

आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखावर बायकांवर मोठा अभ्यास झाला होता. २००९ साली छापून आलेला त्याचा निष्कर्ष असा, की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आणि आपण पांढरं जातंय म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतो!

सहा महिन्यांनी माझी पुन्हा एचपीव्ही चाचणी आहे. थोरल्या जाऊबाईंची पाच बाळंतपणं झालीत, तपासणी एकदाही नाही. त्यांचंही नाव त्याच दिवशी लावलंय.