बर्फात चालवायच्या गाडीला ऑल सीझन टायर घेताय? आधी टायरची कड वाचा

थंडी जवळ आली की हा प्रश्न ठरलेला, ऑल सीझन टायरवर भागेल की वेगळे विंटर टायर घ्यावेच लागतील? माझ्या मते भागतं, पण सगळ्यांवर नाही, आणि कुठल्यांवर भागेल ते जाहिरातीतल्या बर्फाच्या फोटोवरून कळत नाही, टायरच्या कडेवर काय छापलंय त्यावरून कळतं.

जरा वाकून मोबाईलचा टॉर्च मारा. एम प्लस एस, म्हणजे मड अँड स्नो, हे जवळपास प्रत्येक ऑल सीझन टायरवर सापडेल आणि त्याला फारसा अर्थ नाही, कारण ते ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरी नक्षीच्या, खाचा कशा आहेत एवढ्यावरच मिळतं, बर्फावर टेस्ट द्यावी लागत नाही. आपल्याला हवंय ते तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण असं छोटंसं चित्र. हे असेल तर तो टायर दाबून बसलेल्या बर्फावर टेस्ट होऊन पास झालाय. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस असलेला टायर विंटर टायर म्हणून चालतच नाही, हे चित्र लागतंच. अशा टायरना काही कंपन्या ऑल वेदर म्हणतात, काही ऑल सीझनच म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका.

आता ट्रेड बघा. रबराच्या ठोकळ्यांवर नख जेमतेम शिरेल अशा बारीक नागमोडी चिरा दिसतील, त्यांना साइप्स म्हणतात, वजन पडलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ भरून बसलेला दिसला तर लोक घाबरतात, पण तो तिथे बसायलाच हवा, बर्फाला बर्फाचीच पकड चांगली मिळते.

या सगळ्याचा उपयोग ट्रेड खोल असेपर्यंतच. नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा, कायदा बऱ्याच देशांत १.६ पर्यंत चालवू देतो, पण बर्फात ४ च्या खाली गेला की माझ्या लेखी तो संपला, ऑस्ट्रियात तर हिवाळ्यासाठी कायदाच ४ चा आहे. ऑल सीझन टायर उन्हाळाभर पण झिजतात हे लोक विसरतात, म्हणून दोन-तीन हिवाळे मस्त गेले तरी पुढच्या हिवाळ्याआधी खोली मोजायचं गेज लावून मोजा.

"माझी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, मला काय गरज" असं म्हणणारे भेटतातच. बाबांनो, चारही चाकं फिरली म्हणून गाडी सुटते छान, ब्रेक मारल्यावर थांबवायला मात्र टायरच लागतो. आणि पैसे वाचवायला दोनच नवे टाकू नका, पुढच्यांना पकड आणि मागचे गुळगुळीत असले की वळणावर गाडीचं बूड बाहेर जातं.

ऑल सीझन कुठे कमी पडतो तेही सांगतो. उणे पंधरा-वीसची थंडी महिनोन् महिने असेल, रस्त्यावर आइसचा, म्हणजे गोठून काचेसारख्या झालेल्या बर्फाचा, थर कायमचा असेल, रोजचा रस्ता चढ-उताराचा असेल, तर सरळ विंटर टायर घ्या, कारण त्यांचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं आणि ते डोंगराचं चित्र स्नोच्या, म्हणजे पडून दाबल्या गेलेल्या बर्फाच्या, टेस्टचं आहे, आइसच्या नाही. बर्फ पडतो पण बर्फ बाजूला सारणारा प्लाऊ लगेच फिरतो, मधे मधे रस्ता कोरडा होतो, अशा ठिकाणी चांगला ऑल सीझन पुरतो, वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट वाचते ती वेगळीच.

टायरमधल्या हवेचं पण बघत जा, तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय (दाबाचं माप) कमी होतो, आणि चेक करायचं ते टायर थंड असताना, गाडी फिरवून आणल्यावर नाही.

सेलमध्ये घेत असाल तर टायरच्या कडेवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं, ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला माल असाच स्वस्तात काढतात.