राक्म: मागितलं ‘येस’, मिळालं ‘नो’

त्या रात्रीची आठवण झाली की अजून चीड येते, म्हणून लिहून ठेवतोय. लिनक्सवर ज्यांना चित्रावर मराठी नावं छापायची असतील त्यांची तरी झोप वाचेल.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची अथर्वशीर्ष पठणाची स्पर्धा असते. यंदा 186 मुलं होती. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात आणि सगळं गाव रस्त्यावर असतं, त्यामुळे बक्षीस समारंभ आदल्या दिवशीच उरकतात. प्रमाणपत्रांचं काम माझ्याकडे होतं. कोरा नमुना तयार, नावांची यादी तयार. इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कन्व्हर्ट कमांडने एकेक नाव नमुन्यावर टाकायचं, दहा मिनिटांत 186 चित्रं. लॅपटॉप जुना, त्यावर डेबियन 12 हे लिनक्स.

पहिलं प्रमाणपत्र उघडलं तर निमिषचा ‘नमिषि’ झाला होता. आर्याचा रफार डोक्यावरून उतरला होता, सुटा ‘र’, त्याच्या पायाशी हलन्त आणि बाजूला ‘या’. मंडळाच्या काकू शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, ही मुलं शाळेत हिंदी शिकतात, मराठी फक्त घरी. मंडळानेच त्यांच्या हातात त्यांचं नाव असं द्यायचं का?”

आधी मीही फॉन्टलाच दोष दिला. तीन फॉन्ट बदलले, तिन्हींत तेच. फॉन्ट बदलण्यात वेळ घालवू नका. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते पण दिसते आधी. ही अदलाबदल, जोडाक्षरं, रफार, हे सगळं हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड, बसवते. फ्रीटाइप फक्त एकेका चिन्हाचा आकार काढून देते. मजकुराची दिशा फ्रीबिडी ठरवते, आणि या तिघांना एकत्र बांधणारी छोटी लायब्ररी म्हणजे राक्म. अरबीत रक्म म्हणजे लिखाण, आणि आकडाही. आपली ‘रक्कम’ त्याच घरातली. इमेजमॅजिक राक्मसकट कंपाइल केलेलं, म्हणजे मूळ कोडपासून बांधलेलं, असेल तर नाव नीट उमटतं, नसेल तर निमिषचा नमिषि होतो, आणि कुठेही चूक म्हणून दाखवत नाही.

ते आहे की नाही हे बघायला कन्व्हर्टला व्हर्जन विचारायचं. खाली ‘डेलिगेट्स’ अशी ओळ येते, त्यात कंपाइल करताना आत घेतलेल्या गोष्टींची नावं असतात. माझ्याकडच्या ओळीत राक्म नव्हतं. त्याच ओळीत आणखी एक नाव होतं, त्याच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. ते पुढे येईल.

मग ठरवलं, आपणच कंपाइल करू. सोर्सच्या (मूळ कोडच्या) ओळी एपीटीच्या, म्हणजे डेबियनवर पॅकेज आणणाऱ्या कमांडच्या, यादीत घातल्या, सोर्स उतरवला, तिच्याच बिल्ड-डेपने बांधणीला लागणारं सामान आणलं. डेबियनची बांधणीच्या सूचनांची रूल्स फाइल उघडून कन्फिगरच्या, म्हणजे बांधणीआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टच्या, पर्यायांत ‘विथ-राक्म’ लिहिलं आणि बांधणी सुरू केली. डेबियन हे पॅकेज रंगांच्या अचूकतेनुसार दोन प्रकारांत बांधतं, एक साधा क्यू16 आणि एक एचडीआरआय, म्हणजे दुप्पट वेळ. लॅपटॉपचा पंखा घरभर ऐकू येत होता. रात्री साडेअकराला पॅकेज तयार झालं, बसवलं, नाव छापलं. नमिषि!

वाटलं जुनंच पॅकेज चालतंय. काढून पुन्हा बसवलं. नमिषि. वाटलं पर्याय चुकीच्या ओळीत लिहिला. ओळ हलवली, पुन्हा पूर्ण बांधणी. पावणेदोन वाजले. तरी नमिषि.

तेव्हा कुठे मी कन्फिगरचा अहवाल वर सरकवत नेला. कंपाइल सुरू होण्याआधी तो एक तक्ता छापतो. एका रकान्यात आपण काय मागितलं, पुढच्या रकान्यात काय मिळालं. राक्मच्या ओळीत लिहिलं होतं: विथ-राक्म, येस. आणि त्याच्या पुढे: नो. मी ‘हवं’ म्हटलेलं त्याने ऐकलं होतं, नोंदवलंही होतं. पण मशीनवर राक्मचं डेव्ह पॅकेज (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइलींचं) नव्हतं, म्हणून स्वतःच ‘नो’ लिहून पुढे गेला. थांबला नाही, चूक म्हणून ओरडला नाही. बिल्ड-डेप फक्त डेबियनच्या यादीतलं सामान आणतं आणि त्या यादीत राक्म नव्हतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण जो पर्याय नावानिशी मागितला तो मिळाला नाही तर बांधणी तिथेच थांबायला हवी, असं माझं ठाम मत आहे. काही सॉफ्टवेअर थांबतं. हे थांबलं नाही, आणि माझे दोन तास गेले. तुम्ही काहीही कंपाइल करत असाल तर हा तक्ता आला की तिथेच कंट्रोल-सी दाबा, दुसरा रकाना नीट वाचा, मगच पुढे जा. तक्ता निघून गेला असेल तर कन्फिग-लॉग फाइलमध्ये बघा.

डेव्ह पॅकेज बसवलं, तिसऱ्यांदा बांधलं. दोन्ही रकान्यांत ‘येस’. पहाटे निमिष निमिष झाला, आर्याचा रफार डोक्यावर गेला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी पोहे खाताना मात्र दुसरा विचार आला. हे पॅकेज ठेवायचं का? डेबियनकडून सुरक्षेचा अपडेट आला की माझ्या पॅकेजच्या डोक्यावर नवं बसणार, राक्म गुपचूप जाणार आणि पुढच्या गणपतीत पुन्हा नमिषि. होल्ड लावून अपडेट थांबवला तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबणार. इमेजमॅजिकच्या बाबतीत ही भीती पोकळ नाही. 2016 मध्ये इमेजट्रॅजिक नावाने गाजलेल्या दोषात, मुद्दाम बनवलेलं एक चित्र उघडलं की त्यातून मशीनवर हव्या त्या कमांड चालवता येत होत्या. माझ्या लॅपटॉपवर मंडळातल्या सगळ्यांनी पाठवलेली चित्रं उघडली जातात. मग दर अपडेटला सोर्स आणा, बदल घाला, दोनदा बांधा, तक्ता तपासा. ही जबाबदारी वर्षभर माझी. मंडळाच्या एका दिवसाच्या कामासाठी मला ती घ्यायची नव्हती.

तेव्हा डेलिगेट्सच्या ओळीतलं ते दुसरं नाव वाचलं: पँगोकैरो. पँगो हे मजकूर मांडणारं साधन हार्फबझ वापरतंच, आणि डेबियनने ते आत घेतलेलंच आहे! नाव ‘अ‍ॅनोटेट’ने, म्हणजे चित्रावर मजकूर छापणाऱ्या पर्यायाने, न छापता ‘पँगो:’ लावून पारदर्शक चित्र म्हणून काढायचं आणि नमुन्यावर मधोमध चिकटवायचं. मी माझं पॅकेज काढलं, डेबियनचं परत बसवलं, स्क्रिप्टच्या दोन ओळी बदलल्या. 186 नावं बरोबर आली. बंद पर्याय उघडायच्या आधी, तेच काम करणारं दुसरं काही चालू आहे का ते बघा. ज्या मशीनवर बाहेरची एकही फाइल येत नाही तिथे मी राक्मचं पॅकेज ठेवलंही असतं.

पँगोला फॉन्टच्या फाइलचा पत्ता देऊ नका, फॉन्टचं नाव द्या, नाहीतर तो गुपचूप दुसराच फॉन्ट घेतो. नावं फाइलमधून ‘@’ लावून वाचायला गेलात तर डेबियनचं धोरण, म्हणजे इमेजमॅजिकला काय करू द्यायचं ते ठरवणारी फाइल, नकार देतं. ते धोरण सैल करू नका, नाव थेट कमांडमध्ये द्या.

डेबियनच्या पॅकेज सांभाळणाऱ्यांना मी रीतसर विनंतीही पाठवली आहे: बांधणीच्या यादीत राक्म घाला. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा जास्तीचा पर्याय वाटेल. आमच्याकडे त्याच्यावाचून साध्या कमांडने मुलाचं नाव नीट लिहिता येत नाही, हेही त्यात लिहिलं, निमिषच्या दोन्ही चित्रांसकट.

आणि एक राहिलंच. राजवाड्याजवळच्या छापखान्यात पीडीएफ मागतात. डेबियनवर कन्व्हर्टने थेट पीडीएफ करायला गेलात तर तेच धोरण आडवं येतं. आयएमजी2पीडीएफ नावाचं छोटं पॅकेज बसवा, ते पीएनजीची पीडीएफ करून देतं.