रिकामा रकाना

सकाळी सहाला स्पंजिंगसाठी आजींना कुशीवर वळवलं आणि माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. बोटाने दाबून पाहिला. चांगली कातडी दाबली की क्षणभर फिकी पडते. ही लालच राहिली. बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात होती.

आमचं उपजिल्हा रुग्णालय, फीमेल मेडिकल वॉर्ड. खाटा 30, त्या रात्री पेशंट 44, आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. आजींना अर्धांगवायूचा झटका येऊन चौथा दिवस. एअर बेड एकच, तोही फाटलेला. सांगायला कारणं पुष्कळ होती. पण केसपेपर उघडला तर दहा, बारा, दोन आणि चार, चारही वेळांपुढे माझ्याच अक्षरात 'पोझिशन बदलली' असं होतं. पहाटे एका दमात मीच लिहिलं होतं. खरं तर दहा वाजता एकदाच वळवलं होतं. नंतर विषबाधेची केस आली आणि राहूनच गेलं.

इन्चार्ज सिस्टरांना जसं घडलं तसं सांगितलं. सांगताना हात थरथरत होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "चल, आधी आजींचं बघू."

जुन्या कागदाच्या पाठीवर वेळा लिहून, प्रत्येक वेळेपुढे आजींचं तोंड जिकडे करायचं त्या बाजूचं, खिडकी किंवा दार असं चित्र काढून तो उशाशी चिकटवला. सुनेला वाचता येत नव्हतं, चित्र मात्र लगेच कळलं. चट्टा जाईपर्यंत पाठीवर निजवायचं नाही. पूर्ण कुशीवरही नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो; पाठीमागे घोंगडीची गुंडाळी लावून अर्धवट कलतं ठेवायचं. लकव्याच्या बाजूवर कमी वेळ. वर सरकवताना फरफटत न्यायचं नाही, खालची चादर दोघींनी धरून उचलायचं. टाचांखाली आम्ही वर्षानुवर्षं पाणी भरलेले ग्लोव्हज ठेवत आलो. ते काढले आणि पोटरीखाली घडी घातलेली चादर दिली, म्हणजे टाच अधांतरी राहते. आणि लाल जागा चोळायची नाही. मला शिकताना स्पिरिट-पावडर लावून चोळायलाच शिकवलं होतं, ती सवय मोडायला सगळ्यात जड गेलं.

"आत्याबाईला दुखंल का ओ, सिस्टर?" सुनेने पहिल्यांदा चादर धरताना विचारलं. संध्याकाळपर्यंत वेळ झाली की तीच हाक मारू लागली. रात्रीची जबाबदारी मात्र मी तिच्यावर टाकू दिली नाही. दिवसभर वडापाववर बसलेली बाई ती, आणि मुळात हे काम आमचं.

चट्टा दिसल्यापासून पाचव्या दिवशी तो दाबल्यावर फिका पडला. कातडी फुटली नाही.

आता आमच्या वॉर्डातल्या तक्त्यात मध्येमध्ये रिकामे रकाने दिसतात. इन्चार्ज सिस्टर ड्यूटी बदलताना ओव्हर घेतात तेव्हा त्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथे काय झालं होतं?"